माझ्या तोंडून गेलेला शब्द

हे मी सकाळी लिहितो. चहा झाला की डोकं थोडा वेळ बरं चालतं. दुपारनंतर लिहिलेलं बायको वाचते आणि काही न बोलता बाजूला ठेवते, त्यावरून मी काय ते समजतो. तेव्हा जे सांगायचंय ते जेवणाच्या आत.

माझं वय चौऱ्याहत्तर. पूर्णगडच्या अलीकडे खाडीच्या काठावर आमचं गाव. घरची हापूसची बाग आहे, आणि गावाने मला तीन वेळा सरपंच केलं. सगळे मला अण्णा म्हणतात, माझा मुलगासुद्धा. आजारातून उठलेली माणसं लिहितात तेव्हा शेवटी वाचणाऱ्याला धीर देतात. मी उठणार नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलंय. त्यामुळे धीर माझ्याकडे मागू नका, मीच घाबरलेला आहे. पण तुमच्या घरात असा एखादा मोठा माणूस असेल, ज्याच्या शब्दावर चार लोकांचं चालतं आणि ज्याचे शब्द हल्ली इकडेतिकडे व्हायला लागलेत, तर हे वाचा. त्यालाही वाचायला द्या. तो चिडेल. मीही चिडलो होतो.

*

आधी नावं गेली. राजकारणात माणूस नावावर जगतो. रस्त्यात भेटलेल्याला नावाने हाक मारली, म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी केली, की निम्मं काम झालं. माझं ते काम दीपाली करायला लागली. दीपाली म्हणजे आमची उपसरपंच, माझ्या मुलीच्या वयाची. माझ्या मागे अर्धं पाऊल उभी राहायची आणि कानाशी बोलायची, "अण्णा, हे शेट्ये. परवा मुलीचं लग्न झालं." मी लगेच, "काय शेट्ये, जावई काय म्हणतोय?" शेट्ये खूश. याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी कधी एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं, तिला कळलेलं नाही. तिला वाटायचं, मला कळलेलं नाही.

घरी मी चष्म्यावर राग काढायचो. चष्मा सापडत नाही, किल्ली सापडत नाही, सगळा दोष सुमतीचा. सुमती माझी बायको. ती ऐकून घ्यायची, आणि हे तिच्या स्वभावात अजिबात नाही. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

*

दिवाळीनंतर नळयोजनेचा नवा पंप बसला. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करायचं तर ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एक जण देवाशी मोठ्याने बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय महाराजा" म्हणतो. गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. वडिलांनंतर मी घालत आलो. ते लिहून आणायचं नसतं, पाठ करायचं नसतं. उभं राहिलं की तोंडात येतं.

त्या दिवसाचं मला जे आठवतं ते कुणीतरी काढलेल्या व्हिडिओवरून. सुरुवात झकास आहे. आवाज खणखणीत. "बा देवा महाराजा, तुझ्या लेकरांनी आज पंप बसवलानी हाय, त्याला काय दगाफटका होव देव नको." व्हय महाराजा. "आयाबहिणींच्या डोक्यावरचा हंडा उतरव." व्हय महाराजा. मग मी जरा थांबतो, समोर बघतो, आणि त्याच आवाजात पुढे म्हणतो, "गावावर आलेली ही साथ माघारी ने. पुढच्या शिमग्यापर्यंत खाडीत कोण पाग टाकणार न्हाय, जाळा लावणार न्हाय, हा गावाचा शबुद."

आणि गाव म्हणतो, "व्हय महाराजा!"

ते वाक्य माझं नव्हतं. मी शाळकरी असताना गावात पटकीची साथ आली होती, तेव्हा वडिलांनी ते देवापुढे म्हटलं होतं आणि मी त्यांच्या धोतराला धरून मागे उभा होतो. इतक्या वर्षांनी ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं. लोकांचंही चुकलं म्हणवत नाही. भोंगा घुं घुं करत होता, कुणी पंपाकडे बघत होतं, कुणी फोनमध्ये. अण्णा थांबले की व्हय म्हणायचं, एवढंच सगळ्यांना माहीत. व्हिडिओत पुढे एकेक डोकं माझ्याकडे वळताना दिसतं. खारवीवाडीची माणसं एकमेकांकडे बघतात. गुरवाच्या हातातला नारळ तसाच वर राहिलेला आहे.

*

खारवीवाडीतली घरं खाडीवर जगतात. मोठ्या बोटीवाली माणसं नव्हेत ती. छोटी होडी, हातात पाग म्हणजे फेकायचं जाळं, मिळेल ती बोय-शेंगटी मासळी आणि कालवं. आमच्या गावात देवापुढे दिलेला शब्द गावाने व्हय म्हटलं की सगळ्यांना लागतो. दुसऱ्या दिवसापासून एकही होडी सुटली नाही.

गुरव घरी आला. मी त्याला म्हणालो, "मी असं काही बोललोच नाही." त्याने व्हिडिओ दाखवला. मी तो दोनदा बघितला. आपलाच चेहरा, आपलाच आवाज, आणि आत आपण नाही. ती भीती कशी असते हे मला सांगता येणार नाही. जिवाला धोका असला की माणूस पळतो तरी. इथे पळायचं कुणापासून?

गुरवाने वहिवाट सांगितली. "ज्याच्या तोंडातून शबुद गेला त्यानंच तो देवापुढे परत घ्यायचा. सगळ्या गावासमोर. आन का चुकला ता खरा सांगायचा. खोटा सांगलाव तर देवाचा देणा वाढतां."

"बघू," मी म्हणालो. तीस वर्षं राजकारणात मी हा शब्द वापरत आलोय. त्याने माणूस दारातून परत जातो.

*

प्रसाद, माझा मुलगा, रत्नागिरीत कॉलेजात शिकवतो. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचला तसा तो गाडी घेऊन आला आणि मला शहरातल्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला. रक्त तपासलं. मग त्या नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. आत यंत्र असं बडवत होतं, जसं कुणी पत्र्यावर नारळ टाकतंय. मी आत देवाचं नाव घ्यायला गेलो आणि कुठल्या देवाचं घ्यायचं ते सुचेना.

मग डॉक्टरीणबाई समोर बसल्या. शांत बाई. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी गोल काढला, आकडे सगळे एका बाजूला दाटीने बसले. मला ते दिसत होतं आणि दुरुस्त करता येत नव्हतं. वार विचारला, महिना विचारला. मग बाई हसत म्हणाल्या, "बरं आजोबा, तुमच्या गावाचे सरपंच कोण?"

सोपा प्रश्न म्हणून मी ताठ बसलो आणि सांगितलं, "नारायणराव."

नारायणराव मी पहिल्यांदा निवडून येण्याआधीचे सरपंच. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीच खांदा दिला होता. सुमतीने पदर तोंडाशी नेला आणि प्रसाद खिडकीबाहेर बघायला लागला. त्यांच्या तोंडांवरून मला कळलं की उत्तर चुकलं. बरोबर उत्तर काय ते तरीही कळेना.

काय झालंय ते डॉक्टरीणबाईंनी साध्या मराठीत सांगितलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडतायत. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. चांगले दिवस येतील, वाईट येतील. मी विचारलं, "वाईट दिवशी मला कळेल का, की आज वाईट दिवस आहे?"

त्या म्हणाल्या, "पुष्कळदा नाही कळणार."

इतक्या लोकांनी आजवर मला गोडगोड उत्तरं दिली. या बाईंचे मात्र उपकार आहेत.

*

साखर आणि रक्तदाब जागेवर येईपर्यंत त्यांनी ठेवून घेतलं. हॉस्पिटलात मी सरपंच नव्हतो, अण्णाही नव्हतो. मनगटाला पट्टी, अंगात हिरवा झगा, आणि "आजोबा, शी झाली का?" पहिल्या दिवशी संताप आला. नंतर त्यातच बरं वाटायला लागलं. तिथे माझ्या शब्दावर कुणाचं काही अडत नव्हतं. शेजारच्या खाटेवर देवरूखकडचे एक मास्तर होते, हाड मोडलेले. ते मला रोज नव्याने स्वतःची ओळख करून द्यायचे आणि त्यात काही विशेष आहे असं दाखवायचे नाहीत.

एका सकाळी मी झगा घालून जिन्यापर्यंत गेलो. ग्रामपंचायतीची सभा आहे, उशीर झाला, असं माझ्या डोक्यात होतं. नर्सने दंडाला धरलं नाही की ओरडली नाही. म्हणाली, "आजोबा, ऑफिसला आज सुट्टी आहे." मी म्हणालो, "मग आधी सांगायचं नाही का?" आणि परत येऊन पडलो. हे मास्तरांनी मला नंतर सांगितलं. ऐकून मी चादर डोक्यावर घेऊन रडलो. सुमती पाठीवर हात फिरवत राहिली.

*

घरी आल्यावर भांडण लागलं. प्रसादचं म्हणणं, आजाराचं नाव घराबाहेर जाता कामा नये. "मुदत संपेपर्यंत रेटू. दीपाली आहे, मी शनिवार-रविवार येतो. देवाला सांगा, बीपी वाढलं होतं म्हणून चुकलं. ते काही खोटं नाही."

सुमती म्हणाली, "आणि पुढच्या वेळी काय बोलून बसले तर?"

"आई, देशात मोठमोठे पुढारी ऐंशी पार करून खुर्चीत आहेत. कोण विचारतं त्यांना? आणि आपल्या अण्णांना गाव वेडा म्हणणार, ते चालेल तुला?"

पोराचं चुकत नव्हतं. त्याला माझी लाज वाचवायची होती. माझ्या आजाराला गावात एकच शब्द आहे आणि तो त्याला ऐकवणार नव्हता.

त्या दिवसांत टीव्हीवर कुठलातरी म्हातारा नेता भाषणात अडखळला, तर तेच तेच पुन्हा दाखवत होते. याने आता थांबावं का, यावर चार माणसं तावातावाने ओरडत होती. पूर्वी मी अशा चर्चा चवीने बघायचो. आता नेत्याकडे बघवेना. मी त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघत होतो. तो पुढे वाकून कानात काहीतरी सांगत होता. त्या माणसाला सगळं माहीत असणार. नेत्याच्या बायकोलाही माहीत असणार. फक्त सांगायचं कुणी, एवढंच अडलेलं असणार. मी टीव्ही बंद केला.

मला काय वाटत होतं ते लिहितो. देवाला खोटं सांगायची भीती वाटत होती. गावाला खरं सांगायची त्याहून जास्त. आणि सगळ्यात मोठी भीती ही, की ठरवता ठरवता एक दिवस असा उजाडेल की ठरवायला मी शिल्लकच नसेन. मग प्रसाद, दीपाली आणि माझी अंगवळणी पडलेली सही मिळून सरपंचकी चालवतील. मी खुर्चीत असेन आणि खारवीवाडीच्या होड्या किनाऱ्यावर.

*

मग जानकीबाय आली. ही आमच्याकडे वर्षानुवर्षं मासे घेऊन येणारी बाई. त्या दिवशी डोक्यावर टोपली नव्हती. मागच्या पडवीत बसली, पाणी प्याली.

"अण्णा, पोरां दुसऱ्याच्या होडीवर गेलीत, तिकडं पूर्णगडला. म्हातारा घरात बसून हाय. मी तुमाला दोष देत न्हाय. पण तो शबुद परत घ्या."

सकाळची वेळ होती. मी म्हणालो, "जानकीबाय, मला डोक्याचा आजार झालाय. विसरायचा." घराबाहेरच्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो.

"म्हायत हाय," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगंल? गेल्या सालीच, एका दिवशी दोनदा म्हावरा घेतलाव माझ्याकडनं. दुसऱ्या टायमाला परत इचारलाव, आज उशीर का केलास गो."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान मुलाकडे बघतात. "तुमाला कोण सांगणार? तुमी सरपंच."

ती गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. म्हणजे दीपालीला माहीत होतं, हिला माहीत होतं, बहुतेक सगळ्या गावालाच माहीत होतं. मी एकटाच लपवत होतो आणि सगळे मिळून मला लपवू देत होते. मानाने, प्रेमाने, भीतीने. एवढ्या माणसांत एकानेही माझा हात धरला नव्हता. आता धरायचा तर तो मलाच, आणि सकाळच्या वेळी.

आत जाऊन मी सुमतीला म्हणालो, "गुरवाला निरोप दे. वेळ सकाळची घे. आणि प्रसादला बोलाव. त्याला नको असलं तरी येऊ दे."

*

आता पुढचं. देवळात जे झालं ते मला आठवत नाही. थोडंसंही नाही. समईचा वास आठवतो, पण तो कुठल्याही दिवसाचा असेल. सुमतीने सांगितलं तसं लिहितो.

मी सदरा उलटा घातला होता. तिने तो पायरीवर सरळ करून दिला. देऊळ भरलेलं होतं, खारवीवाडी सगळी आली होती. मी उभा राहिलो आणि सुरुवात नीट केली. मध्ये अडलो. खूप वेळ अडलो. दीपाली मागे होती, ती शब्द सांगायला पुढे झुकली. मी हात वर करून तिला म्हणालो, "नको."

मग म्हणालो, "बा देवा महाराजा, त्या दिवशी बोलला तो मीच. पण माझं डोकं आता जाग्यावर राहत न्हाय. आज राहिलंय, उद्याचं मला म्हायत न्हाय. खाडी ज्यांची हाय त्यांना मोकळी कर. गावाचा शबुद गावाला परत दे." आणि मग, घरात कुणाला बोललो नव्हतो ते: "आन माझ्या हातून सरपंचकी काढून घे महाराजा. गावाचा शबुद पुन्हा माझ्या तोंडात देव नको."

कुणीच व्हय म्हटलं नाही. अण्णांचं डोकं ठिकाणावर नाही याला व्हय कोण म्हणणार? प्रसाद खाली मान घालून उभा होता. मी तसाच हात जोडून वाट बघत होतो.

"मग?" मी विचारलं.

"मग म्हणाले सगळे," सुमती म्हणाली.

"पहिलं कोण बोललं?"

"गर्दीत काय कळतंय."

कोण ते मला जानकीबायने सांगितलं. पहिला आवाज मागून, बायकांच्यातून आला. आमच्या देवळात बायका मागे उभ्या राहतात, गाऱ्हाण्याला त्यांचा आवाज नसतो. "तुमची बायको बोलली," जानकीबाय म्हणाली. "मोठ्यान. रडत व्हती, पण मोठ्यान." तिच्या मागोमाग प्रसाद, मग खारवीवाडी, मग गाव.

*

राजीनामा पंचायत समितीत दिला, कारभार दीपाली बघते. आता ती माझ्या मागे उभी राहत नाही. समोर येऊन सांगते, "अण्णा, मी दीपाली." लोक वेडा म्हणत असतील तर तोंडावर म्हणत नाहीत. प्रसाद दर रविवारी येतो, माझ्याबरोबर बागेत फिरतो आणि मी तेच तेच विचारलं तरी उत्तर देतो. पहिले काही रविवार त्याला जड गेलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, सध्या बरं चाललंय.

भीती गेलेली नाही. तिचं रूप बदललं. आयुष्यात मी एक बऱ्यापैकी धाडसाची गोष्ट केली आणि ती माझ्याकडे नाही, लोकांकडे आहे. मध्येच वाटायला लागतं: अजून देवळात जायचंय, होड्या अडकल्यात, आपण बघू बघू करतोय. मग मी सुमतीकडे जातो.

"शब्द परत घेतला का मी?"

"घेतलात."

"आणि खुर्ची?"

"सोडलीत."

"खरं सांगतेस ना?"

ती मला खिडकीशी नेऊन खाडी दाखवते. होड्या असतात. मी सुटतो. हे रोज होतं, कधी दोनदा होतं, आणि दर वेळी ती पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगते.

काल मी विचारलं नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तीच माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आज विचारलं नाहीत ते?"

मी म्हणालो, "काय?"

आज सकाळी चहाबरोबर तिने हे मला सांगितलं. मग तिने खुर्ची खिडकीशी ओढली, मला बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.